हवेवर धावणारे चाक

भल्या पहाटे बाजाराच्या गावी निघालेली बैलगाडी दगडगोट्यांच्या वाटेला लागली, की तिचा खडखडाट दूरवर ऐकू जाई. त्या गाडीचे चाक बाभळीच्या लाकडाचे असे. मध्यभागी तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसवलेल्या पाट्या आणि या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव, अशी त्याची रचना होती. सुतार चाक घडवी. लोहार धाव तापवून लाल करी, ती चाकावर चढवी आणि वरून पाणी ओती. निवताना लोखंड आकुंचन पावे आणि धाव चाकाला घट्ट बसे. अशी धाव वर्षानुवर्षे टिके. परंतु तिच्यात एक मोठा दोष होता. वाटेतल्या प्रत्येक दगडाचा धक्का ती जसाच्या तसा गाडीला देई. त्यामुळे माल हिंदकळे, बैल थकत आणि माणसांची अंगे आंबून जात.

ही गोष्ट एका आपल्याच देशातील नव्हे. युरोपातील घोडागाड्यांची चाकेही अशीच होती. पुढे सायकल आली, तेव्हा तिच्या चाकांना लोखंडाऐवजी भरीव रबराच्या पट्ट्या बसवण्यात आल्या. तरी धक्के फारसे कमी झाले नाहीत. १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी तयार केली. तिची चाकेसुद्धा लाकडाची होती आणि त्यांवर लोखंडी धावाच होत्या. यंत्राला वेग देण्याची विद्या माणसाला साधली होती. तो वेग सहन करील असे चाक मात्र अजून त्याच्यापाशी नव्हते. ते चाक ज्याने लोकांच्या हाती दिले, तो मनुष्य यंत्रविद्येतला पंडित नव्हता की चाके घडवणारा कारागीरही नव्हता. तो गुराघोड्यांवर उपचार करणारा एक पशुवैद्य होता. त्याचे नाव जॉन बॉइड डन्लॉप.

डन्लॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीवाडी आणि जनावरे यांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले. पुढे त्यांनी एडिंबरो येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले. त्यानंतर काही वर्षे स्कॉटलंडमध्ये व्यवसाय करून १८६७ साली ते समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले आणि कालांतराने बेलफास्ट शहरात स्थायिक झाले. त्या काळी शहरातील बहुतेक वाहतूक घोड्यांच्या बळावर चाले. त्यामुळे चांगल्या पशुवैद्याला कामाची वाण नव्हती. मे स्ट्रीट या रस्त्यावरील डन्लॉप यांचा दवाखाना आयर्लंडमधील मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपैकी एक गणला जाऊ लागला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे सर्व काही सुखाने चालले होते. प्रकृती बेताची होती खरी. पण व्यवसायात नाव होते आणि घरी कशाची उणीव नव्हती. अशा वयात कोणी नवा उद्योग आरंभील, असे कोणालाही वाटले नसते.

डन्लॉप यांना जॉनी नावाचा मुलगा होता. त्याच्याजवळ एक तीनचाकी सायकल होती. जॉनीला सायकलीची फार हौस होती. परंतु बेलफास्टचे रस्ते घडीव दगडांचे होते आणि त्यांतून ट्रामचे रूळ गेलेले होते. भरीव रबराची चाके त्या दगडांवर आदळत आणि मुलाच्या अंगाला हिसके बसत. सायकल जड चाले आणि थोड्याच वेळात मुलगा दमून जाई. आपल्या मुलाचा त्रास अनेक वडिलांनी पाहिला असेल. रस्ताच वाईट, त्याला काय करणार, असे म्हणून ते गप्प बसले असतील. डन्लॉप गप्प बसले नाहीत. रस्ता बदलणे आपल्या हाती नाही, पण चाक बदलणे आपल्या हाती आहे, हा विचार त्यांच्या मनाने घेतला.

दगड लागला की चाक वर उचलले जाते, आणि चाकाबरोबर सारी गाडीही उचलली जाते. हे उचलणे व आदळणे यांतच चालवणाऱ्याची पुष्कळशी शक्ती व्यर्थ जाते. चाकाच्या कडेला एखादी मऊ, लवचीक गादी असेल तर दगड त्या गादीत रुतेल, गादी पुन्हा पूर्ववत होईल आणि गाडी समतोल पुढे जाईल. पण ही गादी कशाची करावी? डन्लॉप यांनी हवेची योजना केली. हवा फार हलकी असते. ती दाबली असता दबते आणि दाब सुटताच पुन्हा पसरते. तिला कोंडून ठेवायला रबरासारखा दुसरा पदार्थ नाही.

१८८७ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी घरीच प्रयोग केला. प्रथम लाकडाची एक मोठी चकती घेतली. पातळ रबराची एक नळी तयार करून ती चकतीच्या कडेवर बसवली. नळी जागची हलू नये म्हणून तिच्यावर कापडाची पट्टी ताणून ती खिळ्यांनी चकतीला ठोकली. मग फुटबॉलमध्ये हवा भरण्याच्या पंपाने नळीत हवा भरली आणि तिचे तोंड बांधून टाकले. आता परीक्षा घ्यायची होती. घराच्या फरसबंद अंगणात त्यांनी प्रथम जॉनीच्या सायकलीचे भरीव रबराचे चाक जोराने ढकलले. ते काही अंतर गेले आणि अडखळून आडवे झाले. मग त्यांनी हवेचे चाक तेवढ्याच जोराने ढकलले. ते सबंध अंगण ओलांडून पलीकडच्या फाटकावर आपटले आणि तेथून उसळी मारून मागे आले. ढकलणारा हात एकच, अंगणही एकच. फरक होता तो केवळ मूठभर हवेचा.

यानंतर डन्लॉप यांनी जॉनीच्या सायकलीच्या मागील दोन चाकांना हवेच्या धावा बसवल्या. १८८८ च्या आरंभी एका चांदण्या रात्री त्यांची खरी कसोटी लागली. रात्री दहाच्या सुमारास रस्त्यावरील वर्दळ थांबली, तेव्हा जॉनी सायकल घेऊन बाहेर पडला. थोड्याच वेळाने चंद्राला ग्रहण लागले आणि अंधार पडला, म्हणून तो घरी परतला. पण त्याचे मन घरात कसे रमणार? ग्रहण सुटताच तो पुन्हा निघाला आणि बराच वेळ मनसोक्त हिंडून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी धावा बारकाईने तपासल्या. दगडी रस्त्यावर एवढे फिरूनही त्यांना कोठे ओरखडासुद्धा पडला नव्हता.

शोध लागला, की तो लावणाऱ्याचा त्यावर काही काळ हक्क राहावा म्हणून सरकार त्याला एक सनद देते. तिला पेटंट म्हणतात. ७ डिसेंबर १८८८ रोजी डन्लॉप यांना आपल्या शोधाचे पेटंट मिळाले. परंतु लोकांना शोध पटणे ही गोष्ट निराळी. भरीव रबराची बारीक चाके पाहण्याची सवय झालेल्या लोकांना ही फुगीर चाके हास्यास्पद वाटत. हा उपहास एका शर्यतीने थांबवला. बेलफास्टमधील सायकलस्वार विल्यम ह्यूम याने डन्लॉप यांची चाके लावलेली सायकल विकत घेतली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्ट येथील क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर तो शर्यतीत उतरला. त्याची चाके पाहून प्रेक्षक हसले. पण शर्यत सुरू झाल्यावर ते हसू मावळले. ह्यूम अग्रेसर स्वारांतला नव्हता, तरीही तो सर्वांच्या पुढे निघून गेला. पुढे इंग्लंडमध्येही त्याने अशाच शर्यती जिंकल्या.

शर्यतीत हरलेल्यांत हार्वे ड्यू क्रो या डब्लिनच्या व्यापाऱ्याचे मुलगे होते. ड्यू क्रो हे धूर्त व्यवहारी गृहस्थ होते. मुलांच्या पराभवाचे दुःख करीत न बसता त्यांनी त्या चाकांची चौकशी केली आणि डन्लॉप यांना बरोबर घेऊन १८८९ साली डब्लिन येथे एक कंपनी स्थापन केली. डन्लॉप यांनी आपले पेटंट कंपनीच्या स्वाधीन केले. मागणी वाढू लागली आणि आता भाग्य उघडले, असे सर्वांना वाटले.

इतक्यात एक मोठा आघात झाला. १८९० साली डन्लॉप यांचे पेटंट रद्द ठरले. याचे कारण असे, की हवेच्या धावेची कल्पना त्यांच्या फार पूर्वी दुसऱ्या एका माणसाला सुचलेली होती. रॉबर्ट विल्यम थॉमसन असे त्याचे नाव. तोही स्कॉटलंडचाच होता. डन्लॉप पाच वर्षांचे बालक होते तेव्हा, म्हणजे १० डिसेंबर १८४५ रोजी, अवघ्या तेवीस वर्षांच्या थॉमसनने अशाच चाकाचे पेटंट घेतले होते. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि तिच्यावर चामड्याचे आवरण अशी त्याची रचना होती. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने घोडागाडीला ही चाके लावून दाखवली. एक जोडी सुमारे १,२०० मैल चालली. परंतु त्या वेळी सायकली नव्हत्या, मोटारी नव्हत्या आणि पातळ रबर फार महाग होते. थॉमसनचा शोध काळाच्या फार पुढे होता. लोक तो विसरले आणि १८७३ साली थॉमसनही निवर्तला.

डन्लॉप यांना या पूर्वसूरीची काहीच माहिती नव्हती. त्यांनी कोणाचे चोरले नव्हते. स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या अंगणात, आपल्या मुलासाठी त्यांनी ते चाक बनवले होते. तरीसुद्धा न्याय हा न्याय होता. कल्पना प्रथम सुचल्याचा मान थॉमसनकडेच जात होता. वर्षानुवर्षांच्या कष्टांचे फळ डोळ्यांसमोर हातचे जावे, याहून कठीण प्रसंग कोणता? तथापि चाक थांबले नाही. पेटंट गेले तरी उपयोग गेला नव्हता. थॉमसनची कल्पना कागदपत्रांत चाळीस वर्षे निजून राहिली होती. तिला रस्त्यावर आणून धावायला लावले ते डन्लॉप यांनी.

नव्या चाकाचा एक दोष अजून बाकी होता. खिळा किंवा काच लागली की हवा निघून जाई. आज मोटारसायकलीच्या चाकाचे पंक्चर काढणारा कारागीर हे काम रस्त्याच्या कडेला बसून करतो. तो आस सैल करून चाक बाहेर काढतो. लोखंडी पट्टीने टायरची कड रिमवरून उचलतो आणि आतील ट्यूब ओढून घेतो. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात बुडवतो. जेथून बुडबुडे येतात तेथे छिद्र, हे त्याला तत्काळ कळते. मग ती जागा पुसून कोरडी करायची, खरवडायची, तिला चिकटद्रव लावायचा आणि रबराचे ठिगळ दाबून बसवायचे. चांगला कारागीर ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून हात फिरवून पाहतो. कारण टोचलेला खिळा आतच राहिला तर सारा खटाटोप वाया जातो. खड्ड्यात आपटून चाकच वेडेवाकडे झाले, तर चाक आऊट झाले असे तो म्हणतो. मग चाक फिरवून, कोणत्या बाजूला झोल आहे ते पाहून, तो एकेक आरा कमी-अधिक आवळतो आणि चाक सरळ करतो. रिमला तडा गेला असेल तर मात्र डागडुजीच्या नादी न लागता रिम बदलावी लागते. कारण तेथे चालवणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो.

डन्लॉप यांच्या पहिल्या चाकांत अशी सोय नव्हती. त्यांची धाव चाकाला कायमची चिकटवलेली असे. १८८९ साली फ्रान्समधील क्लेर्मों-फेराँ या गावी एक सायकलस्वार असेच निकामी झालेले चाक घेऊन मिशलँ बंधूंच्या रबराच्या कारखान्यात आला. धाव सोडवून तिची दुरुस्ती करायला सुमारे तीन तास लागले आणि चिकटद्रव वाळण्यासाठी सारी रात्र थांबावे लागले. एवढे करूनही दुसऱ्या दिवशी थोड्याच अंतरावर चाकाची हवा पुन्हा गेली. हा प्रकार पाहून एदुआर मिशलँ यांच्या ध्यानात आले, की चाक चांगले असून भागत नाही. वाटेत बिघडले तर ते कोणालाही झटपट दुरुस्त करता आले पाहिजे. १८९१ साली त्यांनी काढता-घालता येणारी धाव तयार केली. त्याच वर्षी पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत झाली आणि ती चार्ल्स तेराँ या स्वाराने मिशलँ यांच्या धावांवर जिंकली. ब्रिटनमध्ये चार्ल्स वेल्च आणि विल्यम बार्टलेट यांनी १८९० मध्येच धाव रिममध्ये अडकवून ठेवण्याच्या दोन निरनिराळ्या युक्त्या शोधल्या होत्या. ड्यू क्रो यांनी त्यांचे हक्क विकत घेतले आणि मूळ पेटंट गमावूनही कंपनी तरली.

१८९४ साली जर्मनीतील म्यूनिक येथे हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची मोटारसायकल विक्रीसाठी तयार होऊ लागली. कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली ती पहिली मोटारसायकल. तिच्या चाकांत हवेच्या धावा होत्या. नऊ वर्षांपूर्वी डाइमलर यांच्या गाडीला जे चाक मिळाले नव्हते, ते आता मिळाले होते. यंत्राचा वेग आणि हवेची गादी यांची अखेर गाठ पडली.

मग डन्लॉप यांना या साऱ्यातून अमाप धन मिळाले असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे घडले नाही. १८९५ मध्ये त्यांनी कंपनीतून अंग काढून घेतले. पुढल्याच वर्षी ती कंपनी तीस लाख पौंडांना विकली गेली. पण त्या संपत्तीचा लाभ त्यांना झाला नाही. ते डब्लिन येथे शांतपणे राहिले आणि कापडाच्या व्यापाराकडे लक्ष देऊ लागले. जगभर गाड्यांच्या चाकांवर त्यांचे नाव कोरले जात होते, आणि तो नावाचा धनी मात्र एक साधा गृहस्थ म्हणून दिवस कंठीत होता. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी डब्लिन येथेच त्यांचे देहावसान झाले. हवेच्या धावेचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला होता; तो त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यांच्या नावाची कंपनी भारतातही आली. १९३६ साली बंगालमधील हुगळीकाठच्या साहागंज येथे तिचा कारखाना सुरू झाला. त्यांनी बनवलेली पहिली धाव एडिंबरो येथील संग्रहालयात जतन करून ठेवलेली आहे.

डन्लॉप यांच्या चरित्रात रणांगणावरील पराक्रम नाहीत किंवा राजदरबारातील मानसन्मानही नाहीत. आहे ती एक साधी गोष्ट. एका मुलाला सायकलीवर बसताना त्रास होत होता आणि त्याच्या वडिलांनी तो दूर करण्याचे मनावर घेतले. ते आपल्या धंद्याचे काम नव्हे, हे कारण त्यांनी पुढे केले नाही. पेटंट हातचे गेले, तरी त्यांनी जगाला दिलेली वस्तू जगाजवळ राहिली. थॉमसनने कल्पना केली, डन्लॉप यांनी ती रस्त्यावर आणली, वेल्च, बार्टलेट आणि मिशलँ यांनी ती दुरुस्त करण्याजोगी केली. मोठे शोध असे अनेक हातांनी पुढे जातात. आज काही गाड्यांच्या टायरमध्ये वेगळी ट्यूबही नसते. पण आत कोंडलेली हवा मात्र तीच आहे. पुढच्या वेळी रस्त्याच्या कडेला घमेल्यातील पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणारा एखादा कारागीर दिसला, तर क्षणभर थांबून पाहा. बेलफास्टच्या एका अंगणात फाटकावर आपटून उसळलेले ते लाकडी चाक आपला प्रवास अजून करीत आहे, हे तुमच्या ध्यानात येईल.